तीन नंबर

इमारत पाडायचीच आहे,
तरी स्क्रूची भोकं मी बुजवून घेतली
पांढऱ्या सिमेंटनं.
रियाज तांबोळी शिडीवरून हसला,
"ताई, बिल्डर काय भोकं मोजणार आहे का?"
मग त्यानंच शेवटचं बोटानं सारखं केलं.

चार कॅमेरे, दोन दारांचे सेन्सर, एक भोंगा,
आणि चपलांच्या कपाटावरचा तो काळा डबा
ज्याचा पंखा रात्रभर कण्हायचा.
प्रत्येक वायरीला त्यानं चिकटपट्टी गुंडाळली,
वर बॉलपेननं आकडा घातला,
प्रसूतिगृहात बाळांच्या मनगटाला बांधतात तसा.

हे सगळं बसवलं ते चोरीनंतर.
आम्ही साताऱ्याला लग्नाला गेलो, आणि इकडे
समई गेली, भरलेला सिलिंडर गेला,
ह्यांचा निवृत्तीला शिवलेला कोट गेला.
पँट मात्र ठेवून गेले.
पुढे नऊ वर्षं आम्ही पाहत बसलो.
चोर काही परत आले नाहीत.

आली ती एकच. तीन नंबरमध्ये.
रोज पाच चाळीसला, मागच्या कुंपणापाशी,
लुगड्यावर पुरुषी स्वेटर, कानाला रुमाल,
छत्रीच्या मुठीनं फांदी खाली ओढून
तगर, मग जास्वंद.
अंधारात कॅमेऱ्याला लाल दिसत नाही,
ती राखाडी जास्वंदी तोडायची.

ह्यांनी पाटी रंगवली : फुले तोडू नयेत.
दुसऱ्या दिवसापासून पाटीच्या खिळ्याला
ती पिशवी अडकवू लागली,
दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून.

"उद्या जाऊन धरतोच," हे म्हणायचे.
त्या उद्याचा पुढे चहा झाला.
दोघं कप घेऊन पडद्यासमोर :
आज उशीर झाला हिला.
गुडघा दुखतोय वाटतं.
गणपतीत दोन पिशव्या.
नाव, आडनाव, कुठली गल्ली, काही कळलं नाही.
एकदा तिनं मान वर केली, थेट कॅमेऱ्यात पाहिलं
आणि पदर सारखा केला.

आता आंबेगाव, अकरावा मजला, भाड्याचं.
तीन वर्षं म्हणतायत, म्हणजे पाच.
एक नंबर दारावर लागला, दोन लिफ्टकडे,
चार बाल्कनीत, कबुतरांसाठी.
"आणि तीन नंबर?" रियाजनं विचारलं.
मागं काहीच नव्हतं. मागं नुसती हवा,
आणि लांब, कात्रजच्या बोगद्याकडे सरकणारे ट्रकचे दिवे.
मी तो ह्यांच्या मोज्यात गुंडाळून
ड्रॉवरमध्ये ठेवला.

पहिल्याच रात्री पडदा हलला नि भोंगा पेटला.
वॉचमन इंटरकॉमवर, तीन दारं उघडलेली,
कुणी बनियनवर, कुणी हातात लाटणं घेऊन.
मजल्यावर ओळख झाली ती अशी.
"कोड विसरलात का?" विसरले नव्हते.
जुन्या लँडलाइनचे शेवटचे चार आकडे,
बोटंच थरथरत होती.

मोबाइलवर अजून लिहून येतं :
मागचं कुंपण, सिग्नल नाही.
रियाज म्हणाला, नाव पुसून टाकू?
म्हटलं, असू दे.

डबा तीस दिवस लक्षात ठेवतो,
मग जुन्यावर नवं लिहितो.
म्हणजे लिफ्टसमोरचा एकेक रिकामा दिवस
कुंपणाचा एकेक दिवस खातोय.
आज अठ्ठाविसावा.
दोनच सकाळी उरल्यात.

मी ह्यांना हाक मारली नव्हती,
चष्मा पुसत आपणच येऊन बसले.
शेवटची सकाळ आम्ही पाहिलीच नव्हती,
सामान बांधत होतो.

पाच चाळीस. पाच पंचेचाळीस. नाही.
सहाला आठ कमी असताना ती आली,
तगरीला नुसता हात लावला.
मग पाटीची तार उलगडली,
पाटी पदरानं पुसली,
पिशवीत घातली. मावत नव्हती.
"तोडू नयेत" तेवढं बाहेर राहिलं,
तसंच घेऊन चालत गेली चौकटीबाहेर.

"बघ," हे म्हणाले, "सापडली की नाही चोरी?"
नऊ वर्षांत पहिल्यांदा खुशीत.
मी मागे नेऊन
पुन्हा पाच चाळीसपासून लावलं.